हरकत असल्यास चौदा दिवसांत

परवा सकाळी साडेसातला आईचा फोन. इतक्या सकाळी फोन वाजला की पोटात गोळा येतो, पण आवाज अगदी खणखणीत होता. "अगं, पेपरात आलंय आपलं घर. पान नऊ, खालचा कोपरा."

आलं होतं खरं. वकिलांनी दिलेली जाहीर नोटीस. काळी चौकट आणि चष्मा लावूनही वाचवत नाही असा टाइप. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात. मग मौजे नाशिक, सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर, तिसरा मजला, क्षेत्र ६२ चौरस मीटर. मग चतुःसीमा: पूर्वेस जिना, पश्चिमेस सामासिक अंतर, दक्षिणेस शेजारचा फ्लॅट, उत्तरेस कॉलनीचा रस्ता. आणि शेवटी नेहमीची धमकी. या मिळकतीवर कुणाचा गहाण, दान, वारसा, वहिवाट, पोटगी किंवा इतर कसलाही हक्क असेल तर त्याने चौदा दिवसांत कागदपत्रांसह हरकत घ्यावी. नाही घेतली तर तसा हक्कच नव्हता, किंवा असलाच तर तो सोडून दिला, असं समजून व्यवहार पुरा केला जाईल.

आता 'तमाम लोक' म्हटल्यावर त्यात मीही आलेच की! पण माझी पंचाईत अशी, की मी हक्क आधीच सोडलेला आहे. बाबा गेल्यावर मी आणि दादाने आईच्या नावे रीतसर हक्कसोडपत्र करून दिलं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा दिला, फोटो काढला, बाहेर येऊन तिघांनी चहा घेतला. त्या दिवशी काही वाटलं नव्हतं. ही नोटीस वाचून मात्र वाटलं.

तर ही माझी हरकत. वकिलांकडे पाठवण्यासारखी नाही, म्हणून इथे.

*

घर विकायला काढलं की पहिल्यांदा वकील 'सर्च' घेतात. म्हणजे निबंधकाच्या कचेरीतल्या नोंदी चाळून बघतात, की या मिळकतीचे मागे काय काय व्यवहार झाले, कुठे गहाण आहे का, कुणाचा बोजा आहे का. हा सर्च बहुधा तीस वर्षांचा असतो. मी हिशेब केला. आज २०२५. तीस वर्षं मागे गेलं की येतं १९९५. बाबांनी फ्लॅटचा ताबा घेतला १९८४ च्या दिवाळीत. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभराची पुंजी ओतून हे घर घेतलं, त्याची खरेदीच या सर्चमध्ये येत नाही! (वकील म्हणाले, "ताई, मूळ खरेदीखत आहे ना आपल्याकडे, मग झालं." झालंच म्हणा.)

म्हणून मीच थोडा जास्तीचा सर्च घेतला. कचेरीत न जाता. आईच्या आठवणीतून, आणि काही पुस्तकांतून.

*

चतुःसीमेतली पूर्व. जिना नव्हे, खरी पूर्व. आमच्या घराच्या पूर्वेला जुनं नाशिक, म्हणजे गावठाण. बाबांचं बालपण तिथे तिवंध्याजवळच्या एका वाड्यात गेलं. स्वतःचा वाडा नव्हे हो, भाड्याच्या दोन खोल्या. बारा बिऱ्हाडं, एक नळ, शेणाने सारवलेलं अंगण, आणि महिना भाडं अकरा रुपये. हे अकरा रुपये आजोबांनी दिले, काकांनी दिले, आणि थेट नव्वदीपर्यंत तेवढेच राहिले.

यात मालकाची मेहेरबानी नव्हती. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा होता. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचं जे भाडं होतं तेच 'प्रमाण भाडं', अशी मूळ कल्पना. युद्धाचे आणि फाळणीचे दिवस होते, घरांची टंचाई होती, भाडेकरूला रस्त्यावर काढू नये हा हेतू रास्तच होता. पण काही वर्षांसाठी म्हणून आणलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नासेक वर्षं चालला. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा कुठे वर्षाला चार टक्के भाडेवाढीची सोय झाली. तोवर व्हायचं ते झालं होतं. अकरा रुपयांत कौल कोण शाकारणार? मालक म्हणे भाडं वाढवा, मग दुरुस्ती करतो. भाडेकरू म्हणे दुरुस्ती करा, मग बघू. दोघांच्या भांडणात वाडा खचत गेला. दर पावसाळ्यात नाशिकच्या जुन्या भागात वाडा कोसळल्याची एखादी तरी बातमी असतेच. त्या बातमीच्या मुळाशी बऱ्याचदा हा अकरा रुपयांचा इतिहास असतो.

शिवाय नदी. १९६९ च्या पुराची गोष्ट बाबा दर पावसाळ्यात सांगायचे. नाशिकमध्ये पूर मोजायचा तो फुटांत नाही, दुतोंड्या मारुतीवर. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, गळ्याला... आणि मारुती बुडाला की सराफ बाजारातली दुकानं रिकामी करायची. त्या वर्षी बाबांनी शेजारच्या आजींना पाठीवर घेऊन माडीवर पोचवलं होतं म्हणे. "तेव्हाच ठरवलं, घर घ्यायचं तर उंचावर." म्हणून तिसरा मजला! लिफ्ट नसलेला. आज आईचे गुडघे त्या १९६९ च्या पुराचा हप्ता फेडतायत.

*

आता पश्चिम. पश्चिमेला मळे होते. आज कॉलेज रोडला कॉफी प्यायला जाणाऱ्या भाच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण येवलेकर मळा, विसे मळा ही नावं काही हौसेने ठेवलेली नाहीत. तिथे विहिरी होत्या, मोटा होत्या, भाजी होती, द्राक्षं होती. १९२४ मध्ये हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज निघालं (आपलं एचपीटी), ते ज्या रस्त्यावर आहे तो झाला कॉलेज रोड. पण कॉलेजामुळे गाव पश्चिमेला सरकलं नाही. सरकलं ते भोंग्यामुळे. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, सातपूरला कारखाने आले, १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, मग अंबड, मग सिडको. पंचवीस वर्षांत देवाच्या गावाचं कामगारांचं गाव झालं. १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका एकत्र करून महानगरपालिका केली.

बाबा सातपूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. सायकलवरून जायचे. तिवंध्याहून सातपूर लांब पडायचं, शरणपूर रोडहून निम्मं अंतर. घर घ्यायचं ठरलं ते असं, सायकलच्या पॅडलवर.

फ्लॅट ही वस्तूच तेव्हा नवी होती. आजोबांना पटेना. "जमीन आपली नाही, छप्पर आपलं नाही, मग विकत घेतलं काय? हवा?" त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मजल्यावरच्या घराची मालकी म्हणजे काय, हे सांगायला कायदेही तोवर जुने झालेले नव्हते. १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, म्हणजे मोफा, आणि १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा. मुंबईकडे बहुतेक ठिकाणी सोसायटी असते. तिथे जमीन-इमारत सोसायटीच्या मालकीची, आणि तुम्ही सभासद. आमच्या नाशकात मात्र 'अपार्टमेंट' फार. बिल्डर 'डीड ऑफ डिक्लेरेशन' करतो, मग प्रत्येकाला 'डीड ऑफ अपार्टमेंट' करून देतो. फ्लॅट तुमच्या स्वतंत्र मालकीचा, आणि खालच्या जमिनीत तुमचा ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा. आमचा हिस्सा सव्वाआठ टक्के. लहानपणी दादा आणि मी खाली कडुनिंबाखाली उभं राहून भांडायचो, की यातल्या कुठल्या फांद्या आमच्या. अविभक्त म्हणजे काय ते बाबांनी तेव्हा एका वाक्यात सांगितलं होतं: "सगळं सगळ्यांचं, पण वेगळं काढून मागायचं नाही." कायद्याच्या पुस्तकात याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

सातबारावर मात्र त्या जमिनीचं आधीचं आयुष्य एका शब्दात आहे: जिरायत. तो मळा ज्यांचा होता त्यांचं नाव १९८२ च्या फेरफाराखाली कंसात गेलंय. जुन्या सातबारावर नाव कमी झालं की ते पुसत नाहीत, कंस करतात. मला ही पद्धत फार आवडते. माणूस गेला, पण होता.

*

आणि आता रस्ता. उत्तरेचा कॉलनीचा रस्ता ज्या मोठ्या रस्त्याला मिळतो तो शरणपूर रोड. चाळीस वर्षं या नावाने पत्रं आली, पण शरणपूर म्हणजे काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं. शरण आलेल्यांचं पूर. नाव इतकं उघडं असून दिसलं नाही!

१८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकच्या वेशीबाहेर ख्रिस्ती झालेल्यांसाठी आणि अनाथ मुलांसाठी एक वस्ती वसवली. तेच हे शरणपूर. पुढे १८६० च्या सुमाराला तिथे निराळीच मुलं येऊ लागली. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं इंग्रजांचं आरमार पकडायचं आणि त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचं. त्यांतली बरीच शरणपूरला धाडली गेली. तिथे त्यांना लिहा-वाचायला शिकवलं, आणि सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम. विचार करा, गोदाकाठी काळारामाचा चौघडा वाजतोय, आणि तिथून मैल-दोन मैलांवर आजच्या मलावी-टांझानियाकडची पोरं रंधा मारतायत.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन शेवटच्या मोहिमेच्या तयारीसाठी मुंबईला आला, तेव्हा त्याने या मुलांपैकी नऊ जण बरोबर घेतले. १८७२ मध्ये त्याच्या मदतीला आणखी सहा गेले. इतिहासात ही मुलं 'नासिक बॉइज' म्हणूनच ओळखली जातात. त्या सहांतला एक जेकब वेनराइट. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला. त्याच्या सोबत्यांनी त्याचं काळीज एका झाडाखाली पुरलं आणि मृतदेह वाळवून, सालीत गुंडाळून, सुमारे नऊ महिने पायपीट करत किनाऱ्यापर्यंत आणला. काळीज पुरताना प्रार्थना वाचली जेकबने, कारण त्याला वाचता येत होतं. त्या झाडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये तो एकटाच आफ्रिकन होता. झाडाचा अक्षरं कोरलेला भाग पुढे कापून लंडनला नेला. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तो जपून ठेवलाय.

१८७५ मध्ये प्राइससाहेबांनी मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसवलं, आणि इथली बरीच आफ्रिकन मंडळी तिकडे गेली. म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची एक अख्खी वस्ती आमच्या शरणपूरची लेक म्हणायची! जे शरण आले ते इथे कायमचे राहिले नाहीत. दहा-पंधरा वर्षं राहिले, काहीतरी शिकले, आणि निघाले.

हे वाचल्यापासून शरणपूर रोड मला वेगळाच दिसायला लागलाय. १९५९ नंतर देश सोडून आलेल्या तिबेटी लोकांचं मार्केट याच रस्त्याला असावं, आणि नाशिकच्या प्रत्येक पोराचा पहिला विकतचा स्वेटर तिथून यावा, याला योगायोग म्हणा हवं तर. शेजारी टिळकवाडी. तिथे तात्यासाहेब शिरवाडकर राहायचे. त्यांच्या घरावरून जाताना आमच्या सायकली आपोआप हळू व्हायच्या. १० मार्च १९९९ ला ते गेले, त्या दिवशी बाबा कामावर गेले नाहीत. आणि आम्ही? पुरातून आणि पडक्या वाड्यातून उठून आलेलं बिऱ्हाड. शरणच आलो होतो की.

*

आता हरकतीचा मुद्दा.

घर बघायला तिघे-चौघे आले. त्यांत दोन खरे. एक जोडपं पेठ तालुक्यातलं, दोघंही शिक्षक, मुलीच्या शिक्षणासाठी नाशकात यायचंय. बाई स्वयंपाकघरात गेल्या, कट्ट्याला हात लावून म्हणाल्या, "उंची बरोबर आहे." मला त्याच क्षणी व्यवहार झाल्यासारखा वाटला. दुसरे गृहस्थ आत आलेच नाहीत. जिन्यातून वर बघितलं, खाली प्लॉटला एक फेरी मारली, एजंटाशी बोलले. त्यांनी आमच्याच बिल्डिंगमध्ये आधी तीन फ्लॅट घेतलेत. एजंटाने मला समजावलं, "ताई, चाळीस वर्षांच्या फ्लॅटला भाव नसतो. भाव जागेला." २०२० च्या नव्या बांधकाम नियमावलीनंतर जुन्या बिल्डिंगा पाडून उंच बांधण्याचं गणित बऱ्याच ठिकाणी जमायला लागलंय. थोडक्यात, त्यांना आमचं घर नकोच होतं. आमचे सव्वाआठ टक्के हवे होते. कडुनिंबासकट. आणि तो जाणार हे उघड आहे.

मला अर्थातच शिक्षकांना द्यायचं होतं. पण बिल्डिंगचं वय बघून बँकेने त्यांच्या कर्जाला खळखळ केली. आधी स्ट्रक्चरल ऑडिट आणा म्हणाले, मग रक्कम कमी करून सांगितली, मग 'पुढच्या महिन्यात बघू'. दुसरीकडे पूर्ण रकमेचा चेक तयार. मी आईला म्हटलं, थांबू या की थोडं. घर पाडणाऱ्याला घर द्यायचं?

आई म्हणाली, "माझे गुडघे बँकेसाठी थांबणार नाहीत."

दादाच्या घराजवळ तिने एक लहानसा फ्लॅट बघून ठेवलाय. लिफ्टवाला. त्याच्या पैशांची मुदत या महिनाअखेर. इतका साधा हिशेब होता, आणि मी मात्र दीडशे वर्षांचा इतिहास घेऊन भांडत बसले होते.

मग ती एक गोष्ट बोलली, जी मला माहीतच नव्हती. "वाडा सोडून इथे आलो ना, त्या रात्री मी खूप रडले होते. इतकं शांत! कुणाची भांडी वाजत नाहीत, कुणाचं पोर रडत नाही. तुझ्या बाबांना म्हटलं, मला परत न्या. तू झोपली होतीस. चार महिन्यांनी सवय झाली. आताही होईल." आणि वर, "तुला आता रडू येतंय ते ज्या घरासाठी, त्याच घरात यायला मी रडले होते. कळलं का?"

कळलं.

*

स्वयंपाकघरात गॅसच्या खाली एक लाकडी कपाट आहे. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला बाबांनी पेन्सिलीने सिलिंडर लावल्याच्या तारखा लिहिल्यात. पहिली १२-११-८४. खाली एकाखाली एक, बारीक, स्टोअरकीपरच्या अक्षरात. दार भरलं तेव्हा दुसऱ्या दारावर. मी दादाला म्हटलं, निदान ती दारं काढून घेऊ या. आईने ऐकलं. "काही नको. कपाटासकट ठरलंय. दिलेला शब्द आहे. हवा तर फोटो काढ."

म्हणून गेल्या रविवारी जाऊन फोटो काढायला बसले. फरशीवर, मोबाइलचा टॉर्च लावून. तारखा वाचत वाचत खाली आले. २०१८ च्या श्रावणात अक्षर बदलतं. जरा मोठं, जरा थरथरतं, आईचं. मध्ये एकही सिलिंडर सुटलेला नाही. बाबा गेले त्या महिन्यातलासुद्धा. शेवटची नोंद गेल्या आठवड्यातली, म्हणजे नोटीस द्यायचं ठरून गेल्यावरची.

मी विचारलं, "आता कशाला लिहितेस? जाणारच ना हे सगळं?"

"मग किती दिवस गेला ते कळायला नको?" आई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

आज नोटिशीचा बारावा दिवस. वकिलांकडे अजून एकही हरकत आलेली नाही.